थरथरत्या हातानं भरलेला चुडा

"हात ढिला सोड, माय. बाकीचं माझ्याकडं," असं म्हणत ती समोरच्या मुलीचा पंजा हातात घ्यायची, अंगठा आत दाबायची, आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचंही नाही. छावणीतल्या आमच्या गल्लीची ही कासारीण. पोलीस ॲक्शननंतरची ती सुरुवातीची वर्षं. दुपारी ती ओसरीवर बांगड्या मांडून बसली की भिंतीवर हिरवी-तांबडी वर्तुळं हलायला लागत. अजूनही दुपारी डोळा लागला की मला ती वर्तुळं दिसतात, आणि उठावंसं वाटत नाही.

तिचा उजवा हात थरथरायचा. रिकामा असला की उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा थडथडे. पण दुसऱ्याचा हात धरला, की शांत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही नवल वाटलं असतं. वैद्यबुवांनी कंपवात सांगितला होता आणि कवचबीज दिलं होतं, म्हणजे खाजकुइलीच्या शेंगेतलं बी. ते दुधात शिजवायचं, सोलायचं, वाळवून कुटायचं आणि तुपातून घ्यायचं. "यानं थोपेल, पण जाणार नाही," असं ते म्हणाले होते. तिनं त्यातलं अर्धंच ऐकलं.

"दुकानातलं बी लई जुनं असतंय," म्हणून एकदा तिनं गावाबाहेर हर्सूलकडच्या झाडीतून शेंगाच आणल्या आणि घरावरच्या माळवदावर वाळत घातल्या. शेंगांवरची कूस वाऱ्यानं उडाली आणि अख्खी गल्ली खाजवत सुटली. ही खाजेवर उतारा म्हणून पाटीभर शेण घेऊन दारोदार फिरली. "चोळा माय, लाजू नका. बघा माझ्या औषधाचा गुण, तुमचे बी हात हलाया लागले!" चिडलेल्या बायकाही हसल्या.

माझं लग्न ठरलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिला झाला. मी तिच्यासमोर वाढलेली. माझा हिरवा चुडा आपणच भरणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पण शेजारच्या काकूंनी आईच्या कानात घातलं, "थरथरत्या हातानं चुडा? एखादी वाढली म्हणजे?" बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो, पण म्हणून अपशकुन टळत नाही. आईनं कच खाल्ली आणि दुसऱ्या कासारणीला निरोप धाडला.

आमची ही कासारीण दुसऱ्याच दिवशी दारात. भांडली नाही.

"बाई, मला कळलं. राग नाय माझा. पण आधी तुमच्या हातात भरते. एक जरी वाढली, तर मी आपली उठून जाते."

आईचा चेहरा उतरला. सवाष्णीनं आपल्याच बांगड्या पणाला लावायच्या म्हणजे थोडं का होतं! पण तिनं हात पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले. ओठ मात्र देवाचं नाव घेत हलत होते. एकेक बांगडी चढत गेली. शेवटची मनगटावर उतरली तेव्हा आईनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "हळदी-कुंकू आण गं. आणि तुझ्या चुड्याला याच येतील."

चुडा भरायच्या दिवशी माझाच हात कापायला लागला. सासर, परका गाव, सगळं एकदम आठवलं. तिनं बांगड्या बाजूला ठेवल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिली. "होऊ दे. घाई कुणाला हाय?" किती वेळ गेला, देव जाणे. चुडा भरला. एकही वाढली नाही.

पहिल्या नागपंचमीला माहेरी आले तेव्हा ती नव्हती. आषाढातच गेली होती.

नवी कासारीण आली. हात कसा, अगदी दगडासारखा स्थिर. भरता भरता तिनं दोन बांगड्या वाढवल्या. मला रडू फुटलं.

"वाढल्या तर वाढल्या, रडतेस काय वेडे?" आई म्हणाली. मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि तशीच धरून बसून राहिली.