अजीजाबींनी हैदराबाद निवडलं

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातल्या अजीजाबी नर्स स्वतःच्या शहाणपणाची गोष्ट सांगायच्या, तेव्हा ऐकणाऱ्याच्या आधी त्याच हसायच्या.

साल बासष्ट-त्रेसष्टचं. नर्सिंगची पदवी असलेल्या बाईलाच वॉर्डाची मुख्य सिस्टर करायचं, असं वर ठरलं. अजीजाबींकडं पदवी नव्हती. निजामाच्या अमलात त्या हैदराबादला शिकल्या, तेही उर्दूत. सुई, मलमपट्टी, बाळंतपण यांत हात पक्का. इंग्रजी म्हणाल तर औषधांची नावं, तेवढीच. पदवी मिळाली नाही तर काल आलेली पोरगी त्यांच्या डोक्यावर सिस्टर होऊन बसणार होती.

पदवीसाठी जायचं तर पुण्याला नाहीतर हैदराबादला. डॉक्टर म्हणाले, "पुणं धरा. तिथं अवघड तेवढं मराठीत समजावून देतात."

अजीजाबींनी तोलून बघायचं सोंग केलं. पुण्याचं पाणी, हैदराबादचं ऊन, खाणावळीतलं जेवण, सगळ्यावर बोलल्या. मनात मात्र एकच. हैदराबादला उर्दूत शिकवतात.

नवरा मुनवर गवंडी. म्हणाला, "अजून उर्दूतच शिकवतेत का, आधी कुणाला तरी इचार."

"मी शिकलेय तिथं. मला काय इचारायचं?"

"म्या माझ्याच भिंतीला दोनदा ओळंबा लावतो."

"तुमी भिंती बांधा."

राज्य बदललं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, दवाखान्यातले उर्दू कागद इंग्रजी झाले. अजीजाबींनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी हैदराबादेत उर्दू आपली वाट बघत बसलीय, असं त्यांनी धरलं. पुण्याची जागा सोडली, ट्रंक उचलली न् निघाल्या.

पहिल्या तासाला बाई इंग्रजी बोलतच आत आल्या आणि इंग्रजी बोलतच बाहेर गेल्या. अजीजाबींनी शेजारच्या अन्नम्मा नावाच्या मलबारी नर्सला हळूच विचारलं, "उर्दूचा तास कधी?" अन्नम्माला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. ती गोड हसली. अजीजाबींना वाटलं, दुपारी असेल.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. बाईंनी बजावलं, पुन्हा असं झालं तर घरी जा. एवढं इंग्रजी मात्र त्यांना लगेच कळलं.

वॉर्डात उलटी गत. एक म्हातारी पोटात मुरडा येतो म्हणून कण्हत होती आणि अन्नम्मा तिचं डोकं चेपत होती. अजीजाबी मध्ये पडल्या, तिच्या दखनी उर्दूत विचारून दुखणं कुठं आहे ते शोधून दिलं. तिथून दोघींचा सौदा ठरला. वॉर्डात रोग्याशी अजीजाबींनी बोलायचं, खोलीवर अन्नम्मानं चित्रं काढून, हातवारे करून धडा सांगायचा. अजीजाबी इंग्रजी शब्द उर्दू लिपीत लिहून घोकायच्या. विसरला की पुन्हा लिहायच्या. फुकट एकही शब्द आला नाही. बोटांची शाई सुटीत घरी आल्यावरही निघाली नव्हती. मुनवर म्हणाला, "शिकायला गेलती का रंगाऱ्याकडं कामाला?"

शेवटी पास झाल्या. वर्गात खालून दुसऱ्या. पण पास ते पास, आणि वॉर्डाची सिस्टर म्हणून हुकूम निघाला.

मुनवरनं दवाखान्यात पेढे आणले. दारातूनच ओरडायला लागला, "आमच्या घरात डिग्री आली हो!"

अजीजाबींनी त्याची बाही ओढली. "हळू बोला. कुणी नंबर इचारला मंजे?"

"खालून दुसरा मणून सांगतो की."

"मग तुमी पेढा तोंडात धरून उभे ऱ्हावा. पेढे मीच वाटते."