पडद्यांना बटण नको

ऐंशीच्या दशकात शिकागोतल्या आमच्या ऑफिसकडे एका विमा कंपनीच्या जुन्या इमारतीचं काम आलं. खिडक्यांना पट्ट्यांचे पडदे, पडद्यांना मोटर आणि गच्चीवर सेन्सर. ऊन ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की पडदे आपोआप मिटणार. ती मर्यादा ठरवणं माझ्याकडे होतं. मी नागपूरचा. ऊन घराबाहेर ठेवायचं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उन्हाळ्याला आणि हिवाळ्याला मी एकच मर्यादा लावली.

त्याच इमारतीत, दक्षिणेच्या खिडकीशी, माझी बायको टायपिंग करायची. तिचा इथला दुसराच हिवाळा.

"अहो, लंचला मी खुर्ची उन्हात ओढते. तेवढंच जरा बरं वाटतं. माझ्या खिडकीला बटण ठेवा की."

"एकीला ठेवलं की सगळ्यांना ठेवावं लागेल."

"मग ठेवा! ऊन काय विमा कंपनीच्या मालकीचं आहे?"

तांत्रिकदृष्ट्या जमत नाही, असं मी सांगितलं.

जमत होतं. बटणं आराखड्यात होती, भिंतीत त्यांच्या जागाही करून झाल्या होत्या. पण मीटिंगमध्ये साहेबांनी सहज विचारलं, "तुझी बायको तिथेच बसते ना? तिचं काय म्हणणं?" घरच्या माणसासाठी मागतोय असं कुणाला वाटायला नको, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "लोक पडद्यांशी खेळत बसतील," असं म्हणून मी बटणं रद्द करवली.

जानेवारीत बर्फ पडून लख्ख ऊन आलं. मी पाहणीला गेलो. पडदे अचूक मिटले होते, आत ट्यूबलाइट. बाहेर पार्किंगमध्ये ती आमच्या गाडीत बसलेली दिसली. इंजिन बंद, कोट गळ्यापर्यंत, मांडीवर पोळीभाजीचा डबा, तोंड उन्हाकडे. मी काचेवर टकटक केलं, तिने काच जराशी खाली केली.

"झालं तुमचं काम? नीट चालतंय ना?"

"हो."

"मग जा. काच लावते, गार वारं येतंय."

वसंत येण्याआधीच तिने नोकरी सोडली. विषय पुन्हा निघाला नाही. परवा, इतक्या वर्षांनी, चहा घेताना मीच म्हणालो, "ते बटण... जमत होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "खिडकीशेजारी त्याची जागा होती, वर कोरी पट्टी मारलेली. रोज समोरच दिसायची."