वल्ह्याखालचं नाव

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — म्हणजे, बघतो जमतं का.

पेणमध्ये आमचं एक छोटं संग्रहालय आहे. दोन खोल्या. जुनी मापं, जाती, गणपतीचे साचे, एक गंजकी तलवार. दर रविवारी मी तिथे लोकांना वस्तू दाखवतो. दाखवतो कसला — नाटकच करतो! मूर्ती ठरवायला आलेली मंडळी सहज डोकावतात आणि तासभर हलत नाहीत. टाळ्या पडतात. टाळीची चटक फार वाईट हो.

एकदा कासूकडच्या खाडीवरून हिरामावशी आल्या. बरोबर दीर, त्याच्या खांद्यावर मिठागरात मीठ ओढायची फळी — लांब दांडा, टोकाला आडवं लाकूड, मिठानं खाऊन पांढरं पडलेलं. मावशींच्या नवऱ्याची. तो गेला, मिठागरही बंद पडलं. "ठेवा," म्हणाल्या, "पण खाली यांचं नाव लिवा. मी घेत नाय, ह्यो भावजी सांगंल." दिरानं सांगितलं: नारायण पोशा पाटील. मी शब्द दिला.

मग? मीठ ओढायच्या फळीपाशी कोण थांबतं? दोन रविवार कुणी थांबलं नाही. तिसऱ्या रविवारी मी खिळा काढला, आडवं लाकूड दांड्याच्या रेषेत उभं ठोकलं — आणि झालं वल्हं! खाली चिठ्ठी, माझ्याच वळणदार अक्षरात: 'मराठा आरमारातील वल्हे'. वादळ, तोफा, किनाऱ्यावर वाट बघणारी वल्हेकऱ्याची बायको — सगळं मी रचलं. लोक डोळे पुसायचे. विचारू नका!

दिवाळीनंतर मावशी एकट्याच आल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"फळी अशी उभी का ओ?"

"जागा कमी आहे, मावशी."

"बरं, नाव वाचा ना."

त्यांना वाचता येत नाही, हे मला — हो, ठाऊक होतं. खरं सांगायला कुणाची भीती होती? कुणाचीच नाही. मी घसा साफ केला, चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं: "नारायण पोशा पाटील." मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अजून एकदा," म्हणाल्या.

मग त्या दरवर्षी येत. मी दरवर्षी वाचत असे. चिठ्ठी बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. पण मग रविवारी मी सांगणार काय?

शेवटच्या खेपेला — त्यानंतर त्या गेल्याच — नणंदेला घेऊन आल्या. मी तोंड उघडणार, तर हातानं थांबवलं. स्वतःचं बोट चिठ्ठीवर टेकवलं. मराठा. आरमारातील. वल्हे. तीन शब्दांखालून बोट सावकाश सरकत गेलं आणि मावशी म्हणाल्या, "नारायण... पोशा... पाटील."

नणंदेनं तोंडाला पदर लावला. "अगो बाय! घेतलंस की गो नाव!"

"घेतलं नाय काय," मावशी लाजून हसल्या. "वाचलं. व्हय ना ओ सर?"

"व्हय," मी म्हणालो. "बरोबर वाचलंत."