रुसलेल्या मामांचं फोल्डर

अन्याय झाला तो परतूरच्या एका डीजेवाल्यावर, माझ्या बहिणीच्या लग्नात, तिसरी पंगत बसली तेव्हा. करणारा मीच, म्हणून निषेधही माझाच.

तो जेवायला गेला होता. टेम्पोतल्या त्याच्या कम्प्युटरवर हजारो गाणी, आणि फोल्डरांची नावं काय? 'रुसलेले मामा', 'लाजऱ्या काकू', 'सोयरे भांडाया लागले तर'. सिनेमाचा पत्ता नाही, गायकाचा नाही! नुकताच कम्प्युटरचा कोर्स केलेला मी. सगळी गाणी सिनेमावार लावली आणि जुने फोल्डर पुसून टाकले.

संध्याकाळी वरात निघाली. टोपी साधी मिळाली म्हणून आमचे मामा हाताची घडी घालून उभे. डीजेवाल्याची सवय अशी, की गाणं लावण्याआधी तो लोकांचे पाय बघायचा. त्यानं मामांचे पाय बघितले, मग कम्प्युटरचा पडदा. मग पुन्हा पाय.

"सिनेमाच्या नावानं शोधा की," मी म्हणालो.

"भाऊ, सिनेमाचं नाव थेटरवाल्याला लागतंय. मला कोण कशावर नाचाया उठतंय ते पाह्यजे. सात वर्षं माणसं बघू बघू लावल्तं मी ते!"

मामा शेवटपर्यंत हलले नाहीत. बहीण त्यांच्याकडे बघत बघतच सासरी गेली.

तो आता पहिल्यापासून फोल्डर भरून राह्यलाय. परतूरकरांनो, हळहळ नको. स्टँडसमोर त्याचा टेम्पो उभा असतो. आजच जा, आणि तुमचे मामा कोणत्या गाण्यावर उठतात ते त्याला सांगा.