पाच मिलर आणि दोन घरचे शेळके: जालना ते केदारखेडा

रेल्वेने माझ्यावर अन्याय केला आहे आणि त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. मी खिडकीची जागा मागितली, तिकिटावर खिडकीची जागाच छापून आली, आणि नाशिकरोडला डब्यात चढल्यावर कळलं की त्या जागेशेजारी खिडकी नाही, दोन खिडक्यांमधला पत्रा आहे. जालन्यापर्यंत मी तो पत्रा पाहिला. मनमाड आलं तसं पत्र्यापलीकडून गेलं. हा प्रवास करणाऱ्यांनी पुढच्या प्रवाशाच्या खांद्यावरून निसर्ग बघायची तयारी ठेवावी.

जालन्याला हौसेने फिरायला जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मलाही बोलावणं आलं होतं. माझी मावसबहीण शोभा मस्तगडात राहते. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला. मुलगी अश्विनी कॉलेजात इतिहास शिकवते. अश्विनीला केदारखेड्याच्या योगेश शेळकेशी लग्न करायचं होतं. अडचण अशी की अश्विनीही शेळकेच. आडनाव एक म्हणजे भाऊकी, आणि भाऊकीत सोयरीक होत नाही, असं तिचे मोठे काका भगवानराव यांनी जाहीर केलं होतं. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

"दादा, तू एकदा ये," शोभा फोनवर म्हणाली. "तुला सगळ्यांचाच संशय येतो. ह्या पोराचा पण घेऊन बघ."

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने ऐंशी रुपये सांगितले. मी नुसतं बघितलं, तर साठवर आला. म्हणजे खरा दर चाळीस असावा. मस्तगडच्या गल्लीत रिक्षा शिरत नव्हती, म्हणून शेवटचा तुकडा बॅग घेऊन चालत गेलो. दारात योगेश उभा. एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात कामाला. त्याने न विचारता बॅग घेतली आणि पाणी आणून दिलं. इतक्या तत्पर तरुणांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. शोभाचं घर मोक्याच्या जागी आहे, हेही माझ्या लक्षात होतं.

बैठकीच्या भिंतीवर अश्विनीने जुन्या फोटोंचा एक तक्ता चिकटवला होता. एकोणिसाव्या शतकातले पाच अमेरिकन, सगळ्यांचं आडनाव मिलर: एक सिनेटर, एक डॉक्टर, एक चित्रकार, मुलींची शाळा काढणारी एक बाई, आणि एक दलाल, ज्याने स्वतःच्या नसलेल्या जमिनी विकल्या. बाई सोडून सगळ्यांना दाढी. त्या काळी तिकडे दाढीशिवाय प्रसिद्धी मिळत नसावी.

"मामा, ज्याच्या घरी पिठाची चक्की तो मिलर," अश्विनी म्हणाली. "गावोगाव चक्क्या होत्या, म्हणून गावोगाव मिलर. आपल्याकडे शेळ्या राखणारे शेळके झाले असतील, तसंच."

संध्याकाळी भगवानराव आले. लोखंडी सळयांचं दुकान आहे त्यांचं, बोलणंही तसंच, न वाकणारं. त्यांनी चष्मा लावून पाचही मिलर बघितले.

"भाऊच हायेत हे," ते म्हणाले. "अमेरिकेत गेल्यावर पांगले असतील."

"काका, चित्रकार जर्मन घरातला होता. बाईचे आजोबा आयर्लंडचे."

"मंग लई लांब पांगले." त्यांचं बोट दलालावर थांबलं. "ह्याच्यामुळंच तुटले असतील. वाटणीत गडबड केली असंल त्यानं."

"ह्यातले दोघं खरंच चुलतभाऊ आहेत," अश्विनी म्हणाली. "सिनेटर आणि डॉक्टर. दंडावरची काळी पट्टी बघा. घरातलं कुणी गेलं की तिकडे ती बांधायचे, आणि हे दोन्ही फोटो त्यांचे आजोबा गेले त्याच महिन्यातले. बाकीच्या तिघांच्या दंडाला नाही."

मला तक्त्याचाही संशय होता. लग्न जमवण्यासाठी काढलेला इतिहास मी जपूनच वाचतो. भगवानरावांनी चष्मा खिशात ठेवला.

"देवक इचारलं मी केदारखेडावाल्यांचं. पंचपल्लव. आपलंही पंचपल्लव. देवक एक म्हंजी कूळ एक."

"निम्म्या जिल्ह्याचं पंचपल्लव असेल," मी म्हणालो.

"पाहुणे, तुम्ही नाशिकला जाल. मला हितं राहायचंय." आवाज खाली आला. "उद्या लोक म्हणतील, बाप न्हाई म्हणून चुलत्यानं पोरीला भावाच्याच घरात लोटलं. मला भावाला तोंड दाखवायचंय वर गेल्यावर."

शोभा उठून आत गेली. मला वाटलं होतं भगवानरावांचाही डोळा घरावर असेल. आता त्या संशयात फारसा दम राहिला नाही.

नकार समोरासमोर द्यायचा, फोनवर नाही, हा त्यांचा नियम. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून आम्ही चौघं केदारखेड्याला निघालो. भोकरदनचा रस्ता, वाटेत राजूर. तिथला चहा दहा रुपयांना आणि साखरेने घट्ट. दोन्ही बाजूंना कपाशी. मी अखेर खऱ्या खिडकीपाशी बसलो होतो.

योगेशचे वडील रावसाहेब यांनी जेवल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरवूनच टाकलं होतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, वांग्याची भाजी. मी पहिल्या घासाला सावध होतो, तिसऱ्या भाकरीला नव्हतो. समोर रावसाहेबांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. भगवानराव त्याकडे बघून म्हणाले, "अण्णा लई भला माणूस. मातीला आल्तो मी."

"आल्ते की," रावसाहेब म्हणाले. "पावसात आल्ते."

मला ती काळी पट्टी आठवली. सहज विचारावं तसं मी विचारलं, "मग सुतक किती दिवस धरलंत?"

"सुतक?" भगवानराव भाकरी मोडत म्हणाले. "त्याच आठवड्यात वास्तुशांती व्हती आमच्या घरी. घरी जाऊन आंघोळ केली, झालं. सुतक कशाला धरू? ते थोडेच आपल्या भाऊकीत..."

हात ताटातच राहिला.

कुणी हसलं नाही. रावसाहेबांच्या पत्नीने आतून आणखी एक भाकरी आणली आणि काहीच न विचारता भगवानरावांच्या ताटात वाढली.

"आमच्याकडं वास्तुशांतीच्या जेवणाचं बी आल्तं तुमचं आमंत्रण," रावसाहेब हळू म्हणाले. "सुतक व्हतं, म्हणून येता आलं न्हाई."

"बराबर," भगवानराव म्हणाले. मग अश्विनीकडे न बघता, "पोराला बोलवा. कामावर हाय का घरी?"

शोभाने पदराने तोंड पुसलं. घाम होता असं ती अजूनही सांगते.

परत जाताना माझ्या पाहुणचाराच्या हिशेबात एक गोष्ट बसेना. चारचौघांत, त्यांच्याच तोंडून मी भगवानरावांना हरवलं होतं. तरी स्टेशनवर सोडायला तेच आले आणि मोसंबीची पिशवी माझ्या हातात ठेवली. "आपल्या बागेतली," एवढंच बोलले. वरची चांगली आणि तळाची सडकी असणार, हे मी नाशिकपर्यंत धरून चाललो होतो.

घरी पिशवी ओट्यावर रिकामी केली. एकही सडकं नव्हतं. जालन्याहून माझ्यासोबत आलेलं ते एवढंच. बाकी भगवानरावांच्या गाडीतली लोखंडाची धूळ आणि ठेच्याची जळजळ दोन दिवसांत गेली.

आठवड्याने शोभाचा फोन आला. सुपारी फोडायची तारीख ठरली होती. "तू येऊन फोड," ती म्हणाली. "तुझ्यामुळे जमलं. सगळे तेच म्हणतात."

मी सांगितलं की सुपारी भगवानरावच फोडतील, मोठा चुलता असताना मामाचं काय काम. शिवाय मला त्या दिवशी नाशिकला महत्त्वाचं काम आहे, आणि हे मी सुचवलं असं त्यांना सांगायचं नाही.

काय काम, हे तिने विचारलं नाही.