हिरवी गल्ली

चेन्सा ग्रेकला ट्रकांचा राग होता, पण ट्रकांची किळस तिला कधी आली नाही. ट्रक बिचारे ट्रकासारखेच वागत होते. किळस आली ती माणसांची, आणि तीसुद्धा तिच्याच हातची पास्तिझी खाणाऱ्या माणसांची.

माल्टातल्या आईबापांची ही मुलगी मेलबर्नच्या पश्चिमेला लहानाची मोठी झाली, लग्न झालं, विधवा झाली, आणि आता हॉस्पिटलच्या धोबीखान्यात रात्रपाळी करायची. झोप काय ती दिवसाची. पण बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक हमरस्ता सोडून तिच्या गल्लीतून आडवाट काढत, आणि कोपऱ्यावर ब्रेक मारला की पलंगासकट ती हादरायची. एकदा चादरींच्या इस्त्रीयंत्रावर डुलकी लागली आणि मनगट भाजलं. "पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल," साहेबानं सांगितलं. ट्रकांना गल्ली बंद व्हायलाच हवी होती.

काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, तक्रार नको होती, पुरावा हवा होता. मग चेन्सानं काउन्सिल मानतं ते फोनवरचं आवाज मोजायचं ॲप शिकून घेतलं आणि गल्लीची मोजणी आपल्या नावानं सुरू केली. ज्यानं त्यानं आपापल्या फोननं मोजायचं, सगळ्यांची सरासरी निघते आणि नकाशावर गल्लीला रंग चढतो. शांत असेल तर हिरवा, गोंगाट असेल तर लाल. तिनं शेजाऱ्यांना घरी बोलावलं, ओव्हनमधून रिकोटा चीज भरलेली, करंजीसारखी खुसखुशीत गरम पास्तिझी काढली आणि धडे दिले. "हात लांब धरा. माइकवर बोट नको. तोंडातून चकार शब्द नको. वारा सुटला तर घरी बसा."

"डॅरिल आणि गप्प?" समोरची लिनेट नवऱ्याकडे बघून म्हणाली. "याला मोजायला पाठवलंस तर ट्रकांवर उगीच आळ यायचा."

सगळे हसले. सर्वांत जास्त पास्तिझी लिनेटनंच खाल्ली, वर चार पुडीत बांधून नेली.

दोन महिन्यांत गल्ली लालभडक झाली. चेन्सा हरखली. तोवर लिनेटनं घर विकायला काढलं होतं, आणि येणारं गिऱ्हाईक आधी फोनवर तो लाल पट्टा बघायचं आणि गाडीतून न उतरताच वळायचं. चेन्साला हे कानावर आलं होतं. तिला वाईट वाटलं. ट्रक बंद झाले की घराला भाव येईलच, असं ती लिनेटला दोनदा बोललीसुद्धा. लिनेट नुसती मान डोलवायची.

गुड फ्रायडेला सकाळीच चेन्सा काळे कपडे घालून चर्चला गेली. त्या दिवशी ती संध्याकाळशिवाय परतत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण त्या दिवशी चर्चमध्ये घंटा वाजवत नाहीत, तिच्याऐवजी लाकडी खटखटं फिरवतात. ते तिच्या वडिलांचं, आणि ती ते घरीच विसरली. आणायला परत आली तर गल्लीत जत्रा. बंदर बंद, ट्रकाचा पत्ता नाही, आणि शेजारीपाजारी ओळीनं चाललेले. हात लांब. माइकवर बोट नाही. डॅरिलसुद्धा मुका.

लिनेटनं तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "शूऽ, मोजणी चाललीय."

चेन्सा घरात गेली आणि खटखटं घेऊन बाहेर आली. तिला या माणसांची किळस आली. खटखटं एकदा फिरवलं असतं तर सगळ्यांचे आकडे बोंबलले असते. हात शिवशिवलाही. पण तोही खोटाच आवाज झाला असता, आणि या लोकांच्या पंगतीला बसायची तिची तयारी नव्हती.

"सकाळपासून?" तिनं विचारलं.

"उजाडल्यापासून," लिनेट कुजबुजली. "रागावू नकोस गं. आमच्याकडे एवढं एक घरच तर आहे."

"आणि माझ्याकडे काय राजवाडा आहे?"

त्या एका सकाळी त्यांनी इतक्या नोंदी घातल्या की दोन महिन्यांचा लाल रंग त्यात बुडाला. चेन्सानं काउन्सिलला फोन केला. तिथला माणूस भलताच गोड बोलला. "सगळ्या नोंदी नियमात बसतात, बाई. वारा नाही, बोलणं नाही. इतकी स्वच्छ मोजणी आम्ही कुठे पाहिली नाही. कोणी शिकवलं यांना?" तिनं फोन आपटला. ट्रकबंदी नामंजूर झाली. लिनेटचं घर महिनाभरात विकलं गेलं. जाताना ती गळाभेट घ्यायला आली होती. चेन्सानं दार उघडलं नाही.

त्या घरात आलेलं नवं बिऱ्हाड इथिओपियाचं, तिगिस्त आणि तिचा नवरा. आठवड्याच्या आत तिगिस्त दाराशी उभी राहिली. कडेवर तान्हं, डोळे तारवटलेले.

"रोज असंच असतं का?"

"रविवार सोडून."

"बाळाचा डोळा लागला की ट्रक येतो. आम्ही सगळं चौकशी करून घेतलं होतं हो. नकाशासुद्धा पाहिला." तिनं फोन पुढे केला. हिरव्यागार गल्लीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मोजणी, चेन्सा ग्रेक आणि शेजारी. "चेन्सा ग्रेक म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच," चेन्सा म्हणाली. तेवढ्यात कोपऱ्यावर ट्रकानं ब्रेक मारला, बाळ दचकून रडायला लागलं, आणि तिला ते पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगावं लागलं.