सांभाळून घेण्याची चिठ्ठी

मोखाड्याचे आमचे पुढारी आपलं भाषण माझ्याच टायपिंगच्या दुकानात बसून सांगतात. "बाहेरचा एकही माणूस इथं नको!" म्हणताना टेबलावरच्या धुळीत बोटानं रेघ ओढतात. दिवाळीनंतर आमची माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघाली, की हेच प्रत्येकाच्या हाती तिकडच्या पुढाऱ्याच्या नावे चिठ्ठी देतात: "आपला माणूस आहे, सांभाळून घ्या."

परवा भाषण अर्ध्यावर असताना समोरचा बिहारी सलूनवाला धावत आला. पोलीस त्याच्याकडे कागद मागत होते. मी पुढाऱ्यांकडे पाहिलं.

"बघतोस काय? तीच चिठ्ठी काढ. नाव बदल नि फौजदाराला लिही."

मी खुशीत चिठ्ठी काढली. "आणि भाषण?"

टेबलावरची रेघ तळहातानं पुसत ते म्हणाले, "भाषणाला हात लावू नको."